रोलरमधून काढलेली पानं

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली पेंटर म्हणायची, म्हणून मीही पेंटरच म्हणायचे. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. जन्मभर तेच केलं, लग्न केलं नाही, आणि माझे यजमान गेल्यावर बिऱ्हाड उचलून माझ्याकडे राहायला आला. कौतुक करावं तर माणूस असा किरकिऱ्या की सोय नाही. पिवळ्याला पिवळं म्हटलं तर लगेच, "ताई, तो लिंबाचा पिवळा, हा हळदीचा. डोळे आहेत की बटणं?"

पानगळ हा त्याचा हक्काचा हंगाम. रस्त्यावरची लाल-पिवळी पानं पिशवी भरून आणायची, दोऱ्यात ओवून खिडकीवर लावायची, टेबलावर मधोमध भोपळा आणि भोवती काटक्या-फळं मांडायची. मग त्याच भोपळ्याचं सूप, आणि दालचिनी घालून उकळलेला सफरचंदाचा रस. मी इस्पितळाच्या लाँड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करून आलेली असायचे. मी म्हणायचे, लोक कचरा घराबाहेर टाकतात, तू आत आणतोस. तो म्हणायचा, तुला सौंदर्यातलं ओ की ठो कळत नाही. असं आमचं दरवर्षीचं ठरलेलं भांडण होतं.

दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्याचा उजवा डोळा गेला. डाव्या डोळ्यावर पाट्या रंगवणं काही जमेना. ब्रश सुटले. वसंतात डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "हा डोळा किती दिवस साथ देईल सांगता येत नाही. पण दिव्याभोवती कडं दिसलं, धुरकट वाटलं, डोकं ठणकलं, तर त्याच दिवशी या. त्याच दिवशी आलात तर वाचवता येईल." पेंटरनं मान डोलावली. मी तर तिथल्या तिथे कागदावर लिहून घेतलं आणि घरी आल्यावर फडताळाच्या दाराला चिकटवलं.

तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की यंदाची पानगळ मी करणार. त्यानं खुर्चीत बसायचं आणि बघायचं. पुढच्या वर्षीचं कुणी पाहिलंय, एकदा डोळे भरून बघू दे त्याला. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

आणि खरं सांगते, मला मजा यायला लागली. आयुष्यभर ज्याला कचरा म्हटलं त्यासाठी मी लवकर उठून बागेपाशी जायला लागले. भाजीवालीशी हुज्जत घालून तिच्या ढिगातला सगळ्यात गोल भोपळा उचलला. दालचिनी कुटताना तोंडानं गुणगुणत होते म्हणे, माझं मलाच कळलं नाही. पेंटर दाराशी उभा राहून बघायचा. नेहमीसारखी खोडी काढायचा नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, बरं झालं, शेवटी अक्कल आली.

त्या दिवसांत त्याचं डोकं दुखत होतं. सर्दी झालीय म्हणाला. मी बाम चोळून दिला. संध्याकाळचं फिरणं बंद केलं, गुडघा धरलाय म्हणाला. मी गरम पाण्याची पिशवी दिली. फडताळाचं दार दिवसातून वीस वेळा उघडत होते मी, पण त्या कागदाकडे बघायला वेळ कुणाला होता? मी सजावटीत होते.

आता पानांचं सांगते. पानं नुसती ओवली तर दोन दिवसांत गुंडाळतात, म्हणून पेंटर ती वर्तमानपत्रात घालून उशीखाली आठवडाभर दाबायचा. एवढा धीर मला कुठला? पस्तीस वर्षं इस्त्रीत घातलेली बाई मी. ओली चादर आमच्या रोलरमधून एका बाजूनं घातली की दुसऱ्या बाजूनं पापडासारखी सपाट बाहेर येते. मी पानांची पिशवी लाँड्रीत नेली. दोन जुन्या चादरींच्या मध्ये पानं मांडली, ओळीनं, देठ एका बाजूला, आणि दिली सोडून वाफेच्या रोलरमध्ये.

निघाली अगदी सपाट. पण एकूण एक पान तपकिरी पडलेलं, चहाच्या चोथ्याच्या रंगाचं. लाल नाही, पिवळं नाही, काही नाही. सोबतच्या बायका पोट धरून हसल्या. एक म्हणाली, चादरीवरचे डाग मात्र पक्के बसले हो. मला रडू यायचं बाकी होतं. पंधरवडाभर वेचलेली पानं, आणि झाडं तोवर निम्मी बोडकी झालेली.

तरी ओवली. म्हटलं, काहीच नसण्यापेक्षा हे बरं. रविवारी सकाळी खिडकीवर माळा लावल्या, भोपळ्याचं सूप चढवलं, रस उकळत ठेवला, आणि पेंटरला हाक मारली. तो भिंतीला हात लावत आला, खुर्चीत बसला. मी मनाची तयारी करून उभी होते. ह्या रंगावर हा माणूस मला वर्षभर ऐकवणार, हे मला ठाऊक होतं.

त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "वा, ताई. काय लाल मिळालंय. आणि मधूनमधून हळदीचा पिवळा घातलास ते फार छान केलंस."

मला आधी वाटलं, टोमणा मारतोय. मी म्हणालेही, "मार, मार टोमणे." पण तो हसत नव्हता. खिडकीकडे तोंड करून, परक्याच्या घरी करावं तसं मनापासून कौतुक करत होता. आणि तोंडसुद्धा नीट खिडकीकडे नव्हतं. जरा बाजूला होतं, भिंतीकडे.

मी गॅस बंद केला. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, "मी कुठल्या रंगाचं लुगडं नेसलेय?"

त्यानं हात पुढे करून माझा पदर चाचपला आणि म्हणाला, "उजेड कळतो अजून."

मी त्याला दवाखान्यात नेलं. रविवार असूनही डॉक्टरीणबाई आल्या. तपासून झाल्यावर त्यांनी त्याला विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, काल-परवापासून. त्या म्हणाल्या, "काका, हे काल-परवाचं नाही. पंधरा दिवस तरी झाले असतील. पहिल्या दिवशी आला असतात तर मी काहीतरी करू शकले असते." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या थकलेल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही घरात असून तुमच्या लक्षात नाही आलं?" पंधरा दिवसांपूर्वी मी भोपळा आणला होता.

डोळा गेला. थेंब चालू ठेवा म्हणाल्या, दुखू नये म्हणून.

बाहेर आलो. त्यानं माझा दंड धरला होता. फाटकापाशी मी थांबले आणि जे मनात होतं ते सगळं त्याला ऐकवलं. म्हटलं, "तुला सांगितलं होतं ना त्याच दिवशी या म्हणून? लहान पोर आहेस का तू? का बोलला नाहीस?"

"आधी वाटलं, उतरेल," तो म्हणाला. "मग वाटलं, सांगितलं की तू सगळं टाकून मला इथे आणून बसवशील. तुझं एवढं चाललं होतं. म्हटलं, होऊ दे तिचं, मग सांगू."

"अरे, पण ते तुझ्यासाठीच चाललं होतं. तू बघावंस म्हणून."

"ते कळत होतं गं मला," तो म्हणाला. "पण पानं मी दरवर्षी बघितलीत. तू दालचिनी कुटताना गुणगुणतेयस, हे कधी बघितलं नव्हतं. भाऊजी गेल्यापासून तर नाहीच. धुरकट दिसत होतं, तरी दाराशी उभं राहून बघून घेतलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "मला नको होतं हे. एक डोळा देऊन माझं गाणं ऐकायला कुणी सांगितलं होतं तुला, मूर्खा?" आणि भर रस्त्यात त्याच्या पाठीत धपाटा घातला, लहानपणी घालायचे तसा. धपाटा कुठून येतोय ते त्याला दिसलं नाही, त्यामुळे तो चुकवायला वाकलाही नाही.