खालच्या मजल्यावरच्या बाईची उशी

माझ्या मामेसासऱ्यांइतका खोल हात घालणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. हे मी अगदी शब्दशः म्हणते आहे. ते कापसाचे ग्रेडर होते. खरेदी केंद्रावर गाडी उभी राहिली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे ते ढुंकूनही बघत नसत. बाही वर सारून हात थेट गाडीच्या पोटात खुपसायचे, खालचा चिमूटभर कापूस उपसायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ओढायचे आणि धाग्याची लांबी बघून प्रत सांगायचे. "वरचा कापूस पाव्हन्यासाठी असते बाई, खालचा घरच्यासाठी," असं ते म्हणत. ही सवय केंद्रावरच राहिली असती तर बरं झालं असतं. पण यवतमाळच्या लोहारा भागातल्या त्यांच्या घराजवळचा किराणावाला त्यांना लांबून येताना बघूनच तुरीच्या पोत्याचं तोंड आवळायचा, आणि एका लग्नात बुंदीच्या परातीत त्यांचा हात कोपरापर्यंत गेलेला मी स्वतः पाहिला आहे. खालची बुंदी कालची निघाली, हा भाग वेगळा. त्यांच्या भुवयांवर बाराही महिने कापसाचे तंतू असत, त्यामुळे ते रागावले तरी कुणाला खरं वाटत नसे.

माझ्या नवऱ्याचे, निखिलचे, वडील लवकर गेले आणि तो या मामांच्या घरीच वाढला, म्हणून मला बघायला तेच आले होते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यातून मुखदुर्बळ. मराठी वाक्यसुद्धा आधी मनात जुळवून मग बोलायची, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असायचा. बाकीचे मला प्रश्न विचारत होते. मामाजींनी काहीच विचारलं नाही. माझ्या सुती ओढणीचं टोक दोन बोटांत चोळलं आणि जाहीर केलं, "धागा लांब हाय. बोलत नाही तं नाही बोलत, तुटनार नाही." लग्न ठरलं. माझी प्रत ठरवताना त्यांचा हात पुरेसा खोल गेला नाही, असं मला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

आमची सई तीन वर्षांची असताना निखिलला जर्मनीतल्या एका लहानशा शहरात नोकरी मिळाली. मामाजी नागपूरच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण परदेशात बिऱ्हाड कसं थाटावं याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती. "पहिल्या दिवशी चूल पेटवजो नको," त्यांनी मला बजावलं. "शेजारचे डबा आनतातच. तू सैपाक करून बसली तं त्याइचा अपमान होते." आमच्या गल्लीत खरंच तशी रीत होती. नवीन बिऱ्हाडाचा टेम्पो रिकामा होण्याआधीच तीन घरांतून पोळी-भाजी यायची. तेव्हा मी जर्मनीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात पहिल्या संध्याकाळी स्वयंपाक केला नाही. मनात कुठेतरी वाट बघत होते, असंही कबूल करते. रात्री आम्ही तिघांनी बॅगेतला चिवडा खाल्ला.

दर रविवारी मामाजींचा फोन यायचा. ते इतक्या मोठ्याने बोलत की जर्मनीपर्यंतचं अंतर फोनच्या तारेने नव्हे, आपल्या आवाजानेच पार करायचं आहे असं वाटावं. मागे सतत घरघर ऐकू येई. "जिनिंगची मशीन सुरू हाय बाई, मोठ्यानं बोल! केंद्रावर गाड्याइची रांग लागली!" मग त्यांचा ठरलेला प्रश्न येई, "आला का डबा?" पहिल्या रविवारी मी नाही म्हटलं. दुसऱ्या रविवारी नाही म्हटलं. तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "काहून बा? कसे लोक होत हे? मी बोलू का त्याइच्यासंग?" ते खरंच बोलतील या भीतीने मी घाईघाईने म्हटलं, "आला, मामाजी. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी आणला."

खालच्या मजल्यावर एक वयस्क बाई राहत होत्या, एवढंच खरं होतं. जिन्यात दिसल्या की त्या मान हलवायच्या आणि मी भिंतीला चिकटून वर जायची. पण दर रविवारी मामाजी त्यांची खबर विचारायचे, आणि मी फोनवर त्यांच्या हातून कधी सूप, कधी सफरचंदाचा केक आणवत राहिले. आयुष्यात मी कुणाबद्दल इतकं बोलले नव्हते. खरी परिस्थिती अशी होती की माझी इंग्रजी शाळा तिथे काही कामाची नव्हती, सई बालवाडीत तोंड उघडत नव्हती, आणि बाहेर चार वाजताच अंधार पडायचा. शेवटी एकदा मी निखिलला सांगितलं की मला परत जायचं आहे. तो म्हणाला, "वर्ष पुरं होऊ दे. नाहीच जमलं तर जाऊ." चार महिने उरले होते आणि मी ते मोजत होते.

त्याच सुमारास यवतमाळहून पार्सल आलं. मांजरपाटात शिवलेलं, लाखेची मोहर लावलेलं. आत एक लहानशी उशी होती. अभ्रा मामींनी शिवलेला, आणि सोबत मामाजींच्या टपोऱ्या अक्षरातली चिठ्ठी: "खालच्या मजल्यावरच्या बाईस. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये. इतके डबे आले, आपल्याकडून काहीच गेले नाही, हे बरे दिसत नाही." त्या रविवारी फोनवर पहिला प्रश्न आला, "देल्ली का उशी?" मी म्हटलं, उद्या देते. पुढच्या रविवारीही तेच म्हटलं. तिसऱ्या रविवारी ते नेहमीपेक्षा हळू बोलले. "बाई, कापूस दमट हवेत ठेवू नये. पिवळा पडते. आजच देऊन दे."

मी सईचा हात धरून खाली गेले. घंटेवर बोट ठेवून किती वेळ उभी होते, ते सईला विचारा. शेवटी तिनेच माझं बोट दाबलं. बाईंनी दार उघडलं. मी काहीतरी इंग्रजीत पुटपुटले आणि उशी पुढे केली. त्यांनी ती दाबून पाहिली, गालाला लावली आणि आम्हाला आत ओढलं. मग जर्मन समजणाऱ्या निखिलला वरून बोलवून घेतलं आणि त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो हसत माझ्याकडे वळला. "त्या म्हणतात, आठ महिने वाट बघतेय. इथे नव्याने येणाऱ्याने आधी दार वाजवायचं असतं. आपणच आलो नाही, तर त्यांना वाटलं आपल्याला कुणी नको आहे."

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या. लाकडी फळीवर एक पाव आणि वाटीत मीठ. नव्या घरासाठी त्यांच्याकडे हेच देतात म्हणे. रविवारी मी डब्याबद्दल अखेर खरं बोलले, "डबा आला, मामाजी. पाव आणि मीठ." घरघरीतून आवाज आला, "मीठ? डब्यात मीठ? बरं, असू दे. सुरुवात तं झाली." उन्हाळ्यापर्यंत सई त्या बाईंशी जर्मन बोलायला लागली, आणि वर्ष कधी पुरं झालं ते माझ्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही यवतमाळला गेलो. कापूस वेचणीचे दिवस होते. मी मामींना म्हटलं, सईला मामाजींचं केंद्र दाखवायचं आहे. मामी पोळी लाटता लाटता थांबल्या. "कोनतं केंद्र, माय? दोन हंगाम झाले, कुलूप लागून हाय. सारा कापूस परभारे व्यापाऱ्याकडे जाते. तुमाले सांगू नका म्हने. पोट्टे तिकडं एकटे हायत, इकडची चिंता कायले देता म्हने." मी विचारलं, मग ती घरघर? मामींनी लाटण्यानेच कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीकडे बोट दाखवलं. तिथे एसटीडी-आयएसडीचा बूथ होता. मामाजी घरातला फोन सोडून मुद्दाम तिथे जायचे. "आन त्या उशीत," मामी पुढे म्हणाल्या, "त्याइच्या नमुन्याच्या साऱ्या पुड्या गेल्या. राळेगावचा कापूस, बोरी अरबचा कापूस. तीस वर्स ठेवल्या होत्या पेटीत. त्या बाईले द्याच्या म्हने."

संध्याकाळी मामाजी ओट्यावर सईच्या फ्रॉकची किनार चिमटीत घेऊन बसले होते. मी शेजारी बसले आणि वाक्य न जुळवताच बोलले, "मामाजी, तेव्हा डबे येत नव्हते. मी खोटं सांगत होते." त्यांनी किनार सोडली नाही. "माहीत होतं मले. निख्या म्हने, परत येतो. आन तू म्हने, केक आला. वरचा कापूस लईच पांढरा दिसून राह्यलता, बाई." भुवयांवर आता एकही तंतू नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. चक्कीबद्दल मी काहीच विचारलं नाही.

आम्ही परतल्यानंतरच्या रविवारी फोन वाजला. मागे तीच घरघर.

"मामाजी," मी विचारलं, "किती गाड्या आल्यात आज?"

"लई आल्या, बाई. पार रस्त्यापर्यंत रांग हाय. काही ऐकूच येत नाही, मोठ्यानं बोल!"

मीही मग खूप मोठ्याने बोलले.