कुंकवाची खूण

दस्तगीर मिस्त्री गेले, हे मला मोटार हाकणाऱ्या शिवाने सांगितले. छापखान्याच्या उंबऱ्याशी तो बराच वेळ उभा होता. मी मुद्रिते तपासत होतो. मान वर केली तेव्हा म्हणाला, "मिस्त्री गेलं. माती देऊन आलो." चार दिवसांचा ताप, आणि मला निरोपही पोचला नाही... याला आता पाच आठवडे झाले. मी आजवर छापले ते बहुतेक कुणाच्या तरी विरुद्ध. कुणाच्या बाजूने लिहायला बसलो की हात अडखळतो. पण या माणसाने एकदा माझे पत्रक अडवले होते. ते का अडवले, हे सांगितलेच पाहिजे.

मिस्त्री लोहाराच्या भात्यापाशी वाढले. टांग्यांच्या चाकांवर लोखंडी धावा चढवीत होते, तोवर कोल्हापुरात मोटारी आल्या आणि ते त्या उघडायला शिकले. बिघडलेली मोटार दारात आली की हत्यार उचलण्याआधी विचारत, "श्येवटचा हात कुनाचा लागला?" यंत्र आपण होऊन क्वचित रुसते, ज्याने शेवटी उघडले त्याच्या कामापासून शोध सुरू करावा, असे त्यांचे म्हणणे. टांगेवाले चेष्टा करत की मिस्त्री चुकून लोहार झाला, जायचा होता फौजदारकीला.

शिवा महारवाड्यातला. दरबारात मोटार हाकायला शिकला आणि एका गुळाच्या अडत्याच्या भाड्याच्या मोटारीवर लागला. ती पेठ वडगावला उतारू नेई. मालकांच्या दिवाणजींना तो पहिल्या दिवसापासून खुपत होता. एका वर्षी नवरात्रात मोटारीच्या क्लचचे चामडे जळाले. क्लच म्हणजे इंजिनाचा जोर चाकांकडे नेणारा, आणि पेडल दाबले की तो तोडणारा भाग. मिस्त्रींनी नवे चामडे बसवले. दसऱ्याला मोटार हार घालून निघाली आणि शिरोलीच्या अलीकडेच थरथरू लागली. वेग वाढला की पायाखालच्या फळ्या वाजत. एक म्हातारी मध्येच उतरून चालत गेली. दिवाणजींना आयते कारण मिळाले. म्हणाले, "पेडलवर पाय कुणाचा आहे ते बघा की." मालकांनी निकाल दिला : उद्या संध्याकाळपर्यंत दुसरा दोष सापडला नाही, तर शिवाने पुन्हा येऊ नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेन्सिल घेऊनच मालकांच्या आवारात गेलो. पत्रकाचा पहिला परिच्छेद डोक्यात तयार होता. मिस्त्रींनी शिवाला खाली उतरवले. मोटार जागच्या जागी उभी, पेडलवर कुणाचाच पाय नाही, आणि त्यांनी बाहेरून इंजिनाचा वेग वाढवला. मोटार थरथरली.

"दिवाणजी, आता पाय कुनाचा हाय?"

दिवाणजी म्हणाले की, मग याने इंजिनच नासवले असेल. मिस्त्री वाद घालत बसले नाहीत. चाके फिरत नाहीत, चाकांकडे जाणारा दांडा फिरत नाही, म्हणजे तिकडे दोष नाही, एवढे त्यांनी आम्हाला समजावले. मग दिवाणजींनाच हात धरून वर बसवले आणि त्यांच्या शुद्ध पायाने पेडल दाबायला सांगितले. पेडल दाबल्यावर थरथर थांबली तर दोष गिअरच्या पेटीत. दिवाणजींनी धोतर सावरून पेडल दाबले. थरथर थांबली नाही. शिवाला हसू आवरेना. मिस्त्री मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. मी जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाले, "ऱ्हायलं इंजिन, न्हायतर त्याच्या मागल्या जड चाकावर बसवल्यालं क्लचचं झाकण. इंजिन आधी गप चालत हुतं. श्येवटचा हात माझाच हाय."

दिवाणजी जेवायला गेले. आम्ही तिघांनी मोटार उघडली. ते झाकण सहा बोल्टांवर बसते आणि सहाही जागी तितकेच घट्ट बसते, पण कारखान्यात त्याचा तोल एकाच जागी जुळवलेला असतो; जागा चुकली की थरथर. म्हणून काढताना मिस्त्रींनी खूण केली होती. खडू पुसला जातो, मालकांच्या घरात नवरात्र, कुंकू हाताशी... तेलात कालवलेल्या कुंकवाचा एक ठिपका झाकणावर, एक चाकावर. मग खंडेनवमी आली. मालकीणबाईंनी हत्यारांबरोबर मोटारीच्या सुट्या भागांचीही पूजा केली आणि मायेने सगळीकडे कुंकू लावले. झाकणावर आता पाच ठिपके होते, चाकावर चार.

मला तर घबाड सापडल्यासारखे झाले. पूजेने मोटार हलवली! असा मथळा रोज थोडाच मिळतो? आजच छापतो, म्हणालो. मिस्त्रींनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

"त्या माउलीनं कुंकू लावलं, माझा ठिपका कंचा ह्यो अंदाज मी केला. एवढं ठिपकं बघून इचारायला पायजे हुतं. लाज वाटली."

मी चिडलो. तुम्ही अंधश्रद्धेला पाठीशी घालता, दिवाणजीसारख्यांना सोडता, असे बरेच बोललो. मिस्त्री म्हणाले, "तुझं पत्रक निघालं की गावाला कुनीतरी धराया लागंल. तू ऱ्हाशील, मी बी ऱ्हाईन. ह्यो जाईल."

मी शिवाकडे पाहिले. तो चिंध्यांनी बोल्ट पुसत होता. तुझे काय म्हणणे, असे मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदाच विचारले. "मला गाडी हाकायची हाय, दादा," एवढेच तो म्हणाला. माझ्या तयार परिच्छेदात हे वाक्य कुठेच नव्हते.

दिवस कलायला लागला. मिस्त्री झाकण एकेक भोक फिरवत, बोल्ट आवळत, इंजिन सुरू करत. पहिल्या तीन खेपांना फळ्या वाजल्या. मालकांची छत्री फाटकात दिसली तेव्हा चौथी खेप चालली होती... आणि आवारातल्या चिंचेवरचे कावळे ऐकू येऊ लागले. मिस्त्रींनी तिथल्या तिथे इंजिन बंद केले, छिन्नी घेतली, मालकांच्या देखत झाकणावर एक आणि चाकावर एक घाव घातला आणि म्हणाले, "चूक माझी. पोराचा पाय चांगला हाय."

शिवा राहिला. मालकांनी मिस्त्रींना पुन्हा काम दिले नाही. दिवाणजींनी पेठेत 'कुंकवाचा मिस्त्री' हे नाव पसरवले, आणि कागलपासूनची गिऱ्हाइके वर्षभर दुसरीकडे गेली. कुणी तोंडावर ते नाव घेतले तर मिस्त्री म्हणत, "व्हय, मीच त्यो."

गेल्या आठवड्यात त्या मोटारीचा क्लच पुन्हा उघडला. मिस्त्री नवा होता. शिवाने मला मुद्दाम बोलावून घेतले. नव्या मिस्त्रीने चिंधीने काळे वंगण पुसले, छिन्नीच्या दोन खुणा समोरासमोर आणल्या आणि कुणाला काही न विचारता बोल्ट आवळले. मोटार शांत सुरू झाली. खुणा झकास आहेत, कुणी मारल्या, असे त्याने विचारले. शिवाने नाव सांगितले. चूक सांगितली नाही, त्याच्याने सांगवली नसती. ती मी इथे लिहिली, कारण मिस्त्रींनी ती एकदाही लपवली नव्हती.