राजाच्या चुलतभावाची भाषा

चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता हा गृहस्थ संवाद पाठ करायचा. हौशी मंडळाच्या नाटकात त्याला नेहमी दुय्यम भूमिका. या खेपेला शोकांतिका होती: राजा राणीवर संशय घेतो, तिला हाकलतो, ती जीव सोडते. ह्याच्या वाट्याला राजाचे कान भरणारा चुलतभाऊ आला होता.

"नुसतं घोकू नका," दिग्दर्शिका बाई म्हणाल्या. "हा माणूस बोलतो कसा, ते आधी बघा."

तो पेन्सिल घेऊन बसला. चुलतभाऊ 'मला संशय येतो' असं कधीच म्हणत नाही. 'कानावर आलंय', 'लोकांचं तोंड कोण धरणार', असंच त्याचं चालतं. त्याच्या तोंडी 'मी' येतो तो थेट शेवटी, राणीचं प्रेत पाहिल्यावर: 'मी काय केलं?'

एवढा शोध लागल्यावर गप्प बसवेना. तो स्वयंपाकघरात बायकोकडे गेला. "सगळा कारभार दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून. भारी लबाड माणूस."

बायको भांडी पुसत होती. "लबाड कशाला? घरचाच वाटतोय."

"म्हणजे?"

"'आईला वाटतं, यंदा तू माहेरी जाऊ नयेस.' हे कोण म्हणालं?"

"आईला वाटतंच तसं."

बाहेरच्या खोलीत आई रेडिओ ऐकत होती, पण कान तिखट. "मला काही वाटत नाही," ती तिथूनच म्हणाली. "दोघंही गेलात तर मला जरा निवांत मिळेल."

आता पळवाट उरली नव्हती. "मलाच यायचं नाही," तो पुटपुटला. "तुझे भाऊ पत्त्यांत हरवतात आणि वर्षभर चिडवतात."

बायकोला हसू आवरेना. मग हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "आणि मी उगाच सासूबाईंवर मनातल्या मनात फुगून बसले होते."

ते मात्र त्याला लागलं.

प्रयोगात त्याने तालमीतलं बारीक डोळे करणं आणि खर्जातलं बोलणं सोडून दिलं. घरी बोलायचा तसाच बोलला: गोड, काळजीच्या सुरात. 'मी काय केलं?' म्हणताना हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी प्रयोग पाहिलेलं एक जुनं गिऱ्हाईक दुकानात आलं आणि म्हणालं, "डोळे तुम्ही तपासू नका, मालकांना बोलवा." याहून मोठं बक्षीस ते काय?

सुट्टी लागताच दोघं तिच्या माहेरी गेली. तिथे तो पहिल्याच डावात सपशेल हरला.