गोलाची बारी

दोन गोलकीपर आणि पॅडची जोडी एकच असली की किस्से जमवावे लागत नाहीत, मैदानातल्या धुळीसारखे अंगावर साठतात. दुष्काळाच्या त्या वर्षांत धाराशिवला आमच्या कॉलेजच्या मुलींच्या हॉकी टीममध्ये गोलात आम्ही दोघी होतो. मी आणि तामलवाडीची सुशीला कांबळे.

कोण खेळणार, यावर सरांनी विहिरीचा कायदा लावला. भावाभावांत विहीर एक असली की पाण्याची बारी ठरते, तशी गोलाचीही. एका मॅचला पहिला हाफ माझा, दुसरा तिचा; पुढच्या मॅचला उलट.

*

पॅडचे पट्टे कधीच तुटले होते. हाफटाइमला बाकीच्या लिंबू चोखायच्या, आम्ही सुतळीच्या गाठी सोडायचो. एकदा गाठ सुटेना. सुशीलानं दातांनी सुतळी तोडली, पॅड चढवले नि पळाली. पंच म्हणाले, "एवढी घाई?"

"बारीचं पाणी थांबत न्हाय, सर."

*

सुट्टीत सुशीला आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायची. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "एवढा टणक चेंडू अंगावर येतो, भीती नाही वाटत?"

"खडी न सांगता उडती, बाई. चेंडू तर समोरून येतो."

*

आमचे अप्पा म्हणाले, "अर्धाच वेळ खेळायला एवढ्या लांब कशाला जायचं?"

"तुम्ही अर्ध्याच विहिरीसाठी काकांशी दहा वर्षं भांडताय, ते?"

अप्पांनी पेपर उघडला.

*

विहिरीच्या दुसऱ्या अर्ध्याचे मालक हे काका, सोसायटीचे चेअरमन. जिल्ह्याची फायनल आम्ही एक-शून्यनं जिंकलो हे सगळ्यांना माहीत आहे. हाफटाइमचं कुणाला माहीत नाही. टीम सोसायटीच्या ट्रकमधून आली होती, म्हणून काकांना पुढची खुर्ची. पहिला हाफ माझा होता. मी तीन गोल अडवले, आम्ही एकानं पुढं. काका सरांपाशी आले. "आता आपलीच पोरगी ठेवा गोलात. एक दिवस बारी मोडली तर काय बिघडतं?"

सर चपलेकडं बघत राहिले. सुशीला सुतळी हातात घेऊन उभी होती. तिनं ती परत गुंडाळायला घेतली.

मी धुळीत बसले, पॅड सोडले आणि तिच्या पायाला बांधायला लागले.

"काका, बुधवारी पाण्याची तुमची बारी. अप्पांना सांगते, त्या दिवशीबी आपलंच इंजिन लावा. एका दिवसानं काय बिघडतं?"

माझी गाठ ढिली बसत होती. काका खाली वाकले आणि सुतळीवर बोट दाबून धरलं.

"आवळ आता," म्हणाले.