पुणतांब्याचं ट्रंपेट

उभ्या नगर जिल्ह्यात ऊस लावणारे घरोघर सापडतील, पण उसाला ट्रंपेट ऐकवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघाला. लग्न ठरलं तेव्हा सासरच्या मंडळींनी मला शेत दाखवलं, विहीर दाखवली, गोठा दाखवला. काकांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा पुणतांब्याला मुक्कामी गेलो आणि सकाळी ओट्यावर चहा पीत बसलो होतो, तोच उसातून असा काही आवाज उठला की अर्धा चहा बशीत आणि अर्धा माझ्या नव्या पँटवर. मी घाबरून बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "काही नाही, काका पाणी द्यायला गेलेत." थोड्या वेळाने चिखलाने माखलेले पाय, गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं धोतर आणि काखेत चकाकणारं ट्रंपेट अशा थाटात काका आले, माझ्या पँटकडे पाहून त्यांनी समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "पाव्हणं, गानं काळजात शिरलं म्हनायचं."

हे सगळं सुरू झालं ते श्रीरामपुरात. वडिलांनी मोठ्या आशेने काकांना तिथे कॉलेजात घातलं आणि राहायला एका ख्रिस्ती गृहस्थांच्या घरात खोली पाहून दिली. मालक सच्छील, पोरगा वाया जाणार नाही, एवढंच वडिलांनी पाहिलं. हे मालक लष्कराच्या बँडमधून निवृत्त झालेले होते आणि त्यांच्याकडे एक ग्रामोफोन आणि पेटीभर रेकॉर्डी होत्या, हे कुणी पाहिलं नाही. रेकॉर्डी साऱ्या जुन्या अमेरिकन नाचगाण्यांच्या. म्हणजे आपल्या आजोबांच्या तरुणपणी तिकडे मोठमोठे बँड असत, एका ओळीत ट्रंपेटवाले, पुढच्या ओळीत सॅक्सोफोनवाले, आणि त्या सगळ्यांच्या पुढे केसांना तेल लावलेला एखादा गायक. कॉलेजची वेळ आणि मालकांची वाजवायला बसायची वेळ एकच होती. काकांनी फार विचार केला नाही, मालकांकडे ट्रंपेट शिकायला बसले. निकालानंतर घरी आले तेव्हा वडिलांनी विचारलं, काय आणलंस? काकांनी ट्रंपेटची पेटी उघडून समोर ठेवली. वडिलांनी आत डोकावून एकच प्रश्न विचारला, "ह्याच्यानं पानी उपसता येतं का?"

पाणी उपसता आलं नाही, पण काकांचं जगणं त्याच्यावर निघालं. या संगीताला स्विंग म्हणतात. त्याचा अर्थ मी एकदा विचारला तर काकांनी मला रस्त्यावर नेऊन उसाची भरलेली बैलगाडी दाखवली. बैल सरळ चालत नाही, जरासा मागे रेलून, डुलत, पण नेमका वेळेवर पाऊल टाकतो, त्याचंच नाव स्विंग, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून त्यांना तो डौल सगळीकडे दिसतो. शेजारच्याचा ट्रॅक्टर कितीही नवा असो, "त्याला डौल न्हाई" म्हणून काका त्यात बसत नाहीत. तालुक्याच्या एका पुढाऱ्याला त्यांनी मत दिलं ते तो लंगडताना तालात लंगडतो म्हणून.

गाणी इंग्रजी, आणि काकांचं इंग्रजी कॉलेजच्या पहिल्या वर्षात जिथे थांबलं तिथेच आहे. तरी प्रत्येक गाण्याचा अर्थ ते छातीठोक सांगतात. त्यांच्या हिशेबाने निम्मी गाणी चंद्रावर आणि उरलेली आगगाडीवर आहेत, आणि दोन्हींत एक बाई निघून गेलेली असते. एकदा एका संथ गाण्याचा अर्थ त्यांनी डोळे मिटून सांगितला, की तो गडी तिला म्हणतोय, तू गेलीस तर गेलीस, पण जाताना गोठ्याचं दार तरी लावून जायचं होतं. मी म्हटलं, काका, अमेरिकेत, त्या कोटबूटवाल्यांकडे, गोठा कुठला? ते म्हणाले, एवढं कळवळून मानूस दुसऱ्या कशासाठी गाईल?

या संगीताची एक खोड अशी की टाळी ठोक्यावर वाजवायची नाही, मधल्या रिकाम्या जागेत वाजवायची. एका गणपतीत काकांना वाटलं, गावाला हे शिकवलं पाहिजे. आरती सुरू झाली आणि काकांनी मधली टाळी धरली. पोरांना ती आवडली. बायकांची बाजू जुन्या टाळीवर ठाम राहिली. घंटा वाजवणाऱ्याची दोन्हींच्या मध्ये अशी काही ओढाताण झाली की त्याने घंटा खाली ठेवून हात जोडले, आणि आरती दोन तुकड्यांत, एकामागून एक अशी संपली. पुढच्या वर्षीपासून आरतीच्या वेळी मंडळ काकांच्या दोन्ही हातांत प्रसादाचं ताट देतं.

काकूंनी या सगळ्याला कधी विरोध केला नाही. शेती त्याच पाहायच्या, मजूर त्याच बोलवायच्या, कांद्याचा भावही त्याच ठरवायच्या. नव्या नवरीचे लाड संपल्यावर त्यांना शेजारणीने विचारलं होतं म्हणे, तुझा नवरा रोज वाजवतो ते काय? काकू म्हणाल्या होत्या, "माझी सवत पितळेची हाय. आन घासावी बी मलाच लागती."

लग्नांत डीजे आले आणि श्रीरामपूरच्या बँडवाल्यांची कामं गेली. कुणी भाजी विकायला लागला, कुणी वेल्डिंगच्या दुकानात बसला. काका एकेकाच्या घरी गेले आणि त्यांना आठवड्यातून एक दुपार पुणतांब्याला यायला राजी केलं. कांदे विकले की कांदाचाळ रिकामी होते, तिथे तालीम. चाळीला चहूकडून फटी ठेवलेल्या असतात, कांद्याला वारा लागावा म्हणून. त्या फटींतून अख्ख्या गावाला स्विंग लागायला लागलं. आयुष्यभर वरातीत धावत वाजवलेली ही माणसं. त्यांना रेलून वाजवायला शिकवताना काकांचा घसा बसला, पण क्लॅरिनेटवाल्या भाजीवाल्याला एकदा ते जमलं आणि मग हळूहळू सगळ्यांना जमलं.

आणि नेमके तेव्हाच काकांचे पुढचे दात हलायला लागले.

ट्रंपेटला कळा तीनच, त्या बोटांनी दाबायच्या, पण ते वाजतं ओठांवर, आणि ओठांना मागून आधार असतो दातांचा. दाताच्या डॉक्टरांनी सांगितलं, काढावे लागतील. नातीचं लग्न ठरलेलं होतं आणि तिला आजोबांनी वाजवलेलं हवं होतं. काकांनी डॉक्टरांना कळवलं की लग्नानंतर बघू, आणि त्या दिवसापासून दात जपायला लागले. भाकरी दुधात कुस्करून, पेरू किसून. शेतात ऊस उभा असताना त्यांनी कांडं तोंडाला लावलं नाही. शिंक आली तर हाताने जबडा धरायचे.

पण दुसरी अडचण जामखेडची होती. नवरदेव तिकडचा, आणि त्यांच्याकडे डीजेची सुपारी देऊन झालेली. काका एसटीने थेट जामखेडला गेले, सोबत मी. व्याही कमी बोलणारे. पाऊस नसलेल्या गावात माणूस शब्दही जपून वापरत असावा. काकांनी त्यांना अंगणात बसवून मोबाईलवर एक गाणं ऐकवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "गोड हाय. पर ह्याच्यावर नाचावं कसं?" काका उठले आणि त्या अंगणात, शेळीला चुकवत, नाचून दाखवलं. मी जमिनीकडे बघत होतो. व्याही हसले नाहीत. विचार करून म्हणाले, पोरांना डीजे राहू द्या, पण मारुतीपासून मांडवापर्यंत तुमचं वाजू द्या. परतीच्या एसटीत काका सबंध वाट खिडकीबाहेर बघत हसत होते, तोंड मिटून, दातांना वारा लागू नये म्हणून.

लग्नाच्या दिवशी मारुतीचं दर्शन झालं, नवरदेव घोड्यावर बसला आणि बँड सुरू झाला. सुरुवातीला कुणाला काय करावं कळेना. जामखेडची पोरं हात वर करून उभी राहिली, पण ते हात खाली आणायची जागा सापडेना. मग व्याह्यांच्या म्हाताऱ्या आईने नऊवारीचा पदर खोचला आणि ती नुसती डुलायला लागली. तिच्याभोवती दोन्हीकडच्या बायका जमल्या, आणि बघता बघता सगळी वरात, घोड्यासकट, एका लयीत रेलून चालायला लागली. काकांनी शेवटचं गाणं घेतलं. त्यात एक सूर फार उंच जातो. काका त्या सुरापर्यंत गेले, तो लावला, धरला, आणि एकदम थांबले. ट्रंपेट खाली घेतलं तर सदऱ्यावर रक्त आणि तळहातावर दात. क्लॅरिनेटवाल्याने क्षणात गाणं उचललं म्हणून कुणाला काही कळलं नाही. काकूंना कळलं. त्या गर्दीतून वाट काढत आल्या, पदराने त्यांचं तोंड पुसलं, ट्रंपेट स्वतःच्या काखेत घेतलं. काकांचे हात रिकामे झाले. गाणं अर्ध्यावर असताना हात रिकामे होण्याची त्यांच्यावर आयुष्यात पहिलीच वेळ आली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नातीच्या मांडवापर्यंत, तोंडावर रुमाल धरून, नाचत गेले.

आता कवळी बसवली आहे. जेवायला चांगली आहे, बोलायलाही, पण ट्रंपेट ओठांना लावलं की नुसती हवा जाते. काही दिवस त्यांनी प्रयत्न केला, मग सोडून दिला. परवा दुपारी मी पुणतांब्याला गेलो तर चाळीत तालीम चालू होती आणि काका बाजूला खुर्चीवर बसले होते. मला हळूच म्हणाले, "वाजवत हुतो तवा मला माझंच ऐकू यायचं. आता बाकीचे बी ऐकू येत्यात. लई चांगलं वाजवत्यात हो."

ते लग्नातलंच शेवटचं गाणं होतं. मधे एका ठिकाणी एकदम सगळे थांबले, फक्त ढोलवाला हलक्या हाताने ठेका चालवत राहिला. मला वाटलं, चुकले. काका खुर्चीतून ओरडले की अरे, ही माझी एकट्याची वाजवायची जागा, आता वाजवा की कुणीतरी, सांगून सांगून थकलो. क्लॅरिनेटवाल्याने ऐकल्यासारखं केलं नाही. कुणीच केलं नाही. सगळे वाद्यं मांडीवर घेऊन, खाली बघत, ती जागा पुरी होईपर्यंत बसून राहिले. मग काकांनीही डोळे मिटले, आणि मी पाहिलं, धोतरावर ठेवलेल्या त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं सावकाश वरखाली होत होती.