डॅशबोर्डची पट्टी आणि चिकटलेला जावई

म्हसा गावाजवळच्या एका खेड्यात माझं नवरदेव म्हणून औक्षण झालं, तेव्हा माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि बायको शेजारच्याच सीटवर बसली होती.

दोष गाडीचा. (घरात याबद्दल दुमत आहे.)

शहापुरात माझं स्टेशनरीचं दुकान आहे. वह्या-पेनं विकणाऱ्या माणसाला स्पोर्ट्स कार कशाला हवी, हा प्रश्न सगळ्या बाजारपेठेला पडला. मला मात्र पडला नाही आणि मी एक जुनी, लालभडक, दोन दारांची गाडी घेऊन मोकळा झालो. मागची सीट नावापुरती. तिथे एखादं कलिंगड आरामात बसेल, माणूस नाही! डॅशबोर्डवरची लांब काळी प्लास्टिकची पट्टी उन्हानं तडकलेली. दर गतिरोधकाला ती शेजारी बसलेल्याच्या मांडीवर उतरायची.

तर माझ्या मेव्हण्याचं, नरेशचं, लग्न ठरलं. त्याची सासुरवाडी सिद्धगडाच्या पायथ्याशी. "नवरदेव माझ्या लाल गाडीतून जाणार!" मी जाहीर केलं. (कुणी विचारलं नव्हतं.)

लग्नाच्या सकाळी सासऱ्यांच्या अंगणात गाडीला झेंडूच्या माळा लागल्या, मागची काच फुलांनी झाकली गेली, वऱ्हाडाचे टेम्पो पुढे गेले आणि सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "अहो, ही पट्टी नरेशच्या मांडीवर पडली तर? मुलीकडचे म्हणतील, खटारा आणला!"

खटारा! मी खिशातून झटकन चिकटणाऱ्या गोंदाची नळी काढली. माझ्याच दुकानातली. गिऱ्हाइकाला देताना मी आवर्जून सांगतो, "जपून हां!" पुढे ड्रायव्हरशेजारी, नवरदेवाच्या सीटवर बसून पट्टीच्या भेगेत अख्खी नळी पिळली आणि उजवा तळहात पसरून दाबून धरलं. थोड्या वेळानं हात उचलायला गेलो. हाताचा विचार वेगळा होता.

"सुनंदा…"

"काय?"

"काही नाही. जरा इकडे ये."

तिनं मनगट धरून हिसका दिला. मी असा ओरडलो, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली! "ओढू नको! कातडं निघेल!"

सासरे धावत आले. "काय झाला?"

"मामा, पट्टी बसवत होतो."

"मंग? बसली का?"

"बसली. मीपण बसलो."

कोमट पाणी झालं, साबण झाला. सासूबाईंनी वाटीभर खोबरेल तेल ओतलं. त्यामुळे हात सुटला नाही, पण मला तळणीचा वास येऊ लागला.

"मुहूर्त टळेल!" सासरे कपाळावर हात मारून म्हणाले. "गाडी कोन चालवनार आता?" नवरदेवानं चालवायची नसते. सासऱ्यांना फक्त ट्रॅक्टर येतो; सासूबाईंना घेऊन ते त्यावरूनच मागून येणार होते.

"चावी द्या," सुनंदा म्हणाली. लायसन होतं तिच्याकडे; पण या गाडीला मी तिला बोट लावू दिलं नव्हतं. आता नाही म्हणायला माझ्याकडे हात कुठे होता?

सुनंदाची सीट कशीबशी कलवून, नरेशची घडी घालून त्याला मागे कोंबलं. गुडघे हनुवटीला, फेटा पोटाशी.

"भावजी, श्वास घ्यायला जागा नाय!"

"मग नुसता सोडत राहा!"

सुनंदानं मुरबाडच्या बाजारातून गाडी अशी काढली, की मी डोळे मिटून घेतले. आणि काय सांगू, एवढे गतिरोधक आले, पट्टी तसूभर हलली नाही! मी धरून होतो ना.

मांडवाशी पोचलो. आमचं वऱ्हाड जानवशावर चहा-पोह्यांत गुंतलेलं. बॅन्ड दणाणला. नवरीची आई ताट घेऊन, माळांआडचा चेहरा न बघताच, थेट पुढच्या खिडकीशी आली. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता, गळ्यात हार, आणि "थांबा"साठी उघडलेल्या तोंडात अख्खा पेढा! आता बोलायचीही सोय उरली नाही. मी डाव्या हातानं अर्धा नमस्कार केला.

बायकांत कुजबुज सुरू झाली.

"अगो, नवरा लय जून दिसतोय गो!"

"फोटोत केस होते त्याला!"

"आनि गाडी चालवते ती कोन?"

"मी बायको यांची!" सुनंदा ताठ मानेनं म्हणाली.

बॅन्ड थांबला. घरातून नवरीचा आवाज आला, "मी नाय लगीन करनार! आधीची बायको घेऊन आलाय!"

"भावजी! मला भायेर काढा!" मागून नरेश माझ्या सीटला लाथा घालू लागला. पण सुनंदाची गंजकी सीट सकाळी एकदा मागे आली, ती पुन्हा कलेना. आता पुढे कलणारी फक्त माझीच, आणि तिच्यावर मी! नवरीची आई ताट घेऊन तिथेच मटकन खाली बसली. मेव्हण्याचं लग्न माझ्यापायी मोडत होतं.

इतक्यात कपाटाएवढ्या रुंदीचा नवरीचा मामा आला, त्यानं दार उघडलं आणि बोट दाखवलं. "उतर खाली."

त्या आवाजाला मी उतरलो. कर्रर्र! उतरल्यावर पाहिलं, तर पट्टी माझ्याबरोबर उतरलेली! ती फक्त मला चिकटली होती. गाडीला ती चिकटलीच नव्हती! म्हणजे सकाळपासून मी कुठल्याही क्षणी पट्टीसकट उठून चालू लागू शकत होतो आणि हे मला सुचलं नव्हतं.

सीट कलली. आतून नरेश रांगत आला, घामेजलेला, चुरगळलेला. "नवरा मी हाय!"

दाराआडून नवरीनं त्याला नीट पाहिलं. मग मला पाहिलं. "हा चालेल," ती म्हणाली.

लग्न लागलं. मी डाव्या हातानं अक्षता टाकल्या. उजव्या हातात हातभर काळी पट्टी. नवरीच्या मामानं दबकत विचारलं, "मानाची हाय का काय?"

"हो ना," सुनंदा म्हणाली. "आमच्यात मोठ्या जावयाला देतात."

जेवणाआधी नवरीच्या मैत्रिणीनं नेलपॉलिश काढायचं पाणी आणलं. हात सुटला, पट्टी मात्र विरघळून वाकडी झाली. जुन्या गाडीची तशी पट्टी आता कुठेच मिळत नाही. डॅशबोर्डच्या भोकातून वायरी लोंबतात. बाकी गाडी झकास चालते. म्हणजे सुनंदा चालवते. मी शेजारी बसतो, मुकाट्यानं, दोन्ही हात मांडीवर ठेवून.