न्हावऱ्याची टाकी आणि सुषमाचा दुवा

शिरूरच्या दूध संघात तीन प्रोग्रॅम होते आणि ते संगणकाच्या तीन भाषांत होते, कारण तीन वेगवेगळ्या अध्यक्षांच्या काळात ते लिहून घेतलेले होते. प्रत्येकाने डेटाबेसमध्ये आपापल्या परीने हात घालायचा आणि बिघडलं की दुसऱ्याकडे बोट दाखवायचं, अशी रीत होती. अठ्ठ्याण्णव साली न्हावऱ्याच्या सुषमाने प्रोग्रॅम आणि डेटाबेसच्या मध्ये एक दुवा बसवला. प्रोग्रॅम कुठल्याही भाषेतला असो, विचारायचं एकाच पद्धतीने, उत्तर मिळणार एकाच पद्धतीने. दुव्याचं कुणी कौतुक केलं नाही. म्हणजे तो चालत होता.

त्यात एक खोट होती. जिथं काहीच नोंदलेलं नसे, तिथं दुवा शून्य सांगे. पुढे नीलम नवा प्रोग्रॅम लिहायला आली आणि म्हणाली, "ताई, शून्य वेगळं आन् रिकामं वेगळं. दोन्हीला एकच उत्तर कसं?" मुलीचं खरं होतं. सुषमाने दुवा सुधारला. रिकाम्या नोंदीला आता वेगळी खूण येई आणि उत्तराच्या जागेला दुवा हातच लावत नसे. सुधारलेल्या दुव्याची फ्लॉपी संध्याकाळच्या टेम्पोतून न्हावऱ्याच्या दूध केंद्रावर गेली.

सकाळी चहा घेताना सुषमाने कप अर्ध्यातच खाली ठेवला. सगळ्यांत जुना प्रोग्रॅम आता फक्त न्हावऱ्यात उरला होता आणि तो लिहिणारा गृहस्थ परदेशी गेला होता. म्हशीला औषध चालू असलं की ते संपल्याची तारीख रिकामी असे. प्रोग्रॅमला शून्य दिसे आणि तो दूध नाकारी. आता शून्य येणार नव्हतं आणि नवी खूण त्याला वाचता येत नव्हती. त्याच्यापाशी आधीच्या म्हशीची तारीख तशीच उरणार, न विसळलेल्या कपात तळाला चहा उरतो तशी. ती तारीख कधीच उलटलेली. म्हणजे दूध चालणार.

गावात औषध चालू असलेली म्हैस एकच होती, तुळजाबाईंची. डॉक्टरला विचारण्यापेक्षा मशीनला विचारणं सोपं, म्हणून त्या रोज किटली घेऊन केंद्रावर यायच्या आणि परत न्यायच्या.

केंद्राचा फोन एंगेज होता. सुषमा तशीच निघाली. वाटेत तिने आयुष्यात पहिल्यांदा वीज जावी म्हणून देवाला विनवलं. वीज होती.

तुळजाबाई रिकामी किटली हलवत येताना भेटल्या. "आज घेतलं गं तुझ्या मशीननं. म्हनलं, सुटली म्हस औषधातनं."

सुषमाने केंद्रात शिरून सचिव पोपटरावांना विचारलं, दूध कुठल्या टाकीत ओतलं. टाकी एकच होती. बाहेर टेम्पो हॉर्न देत होता. दूध एकदा त्यात चढलं की कुणाला काही कळणार नव्हतं, आणि तिला ते फार स्पष्ट दिसत होतं.

"आबा, टाकी सोडून द्या. औषधाचं दूध हाय त्यात. चूक माझी हाय."

"सगळ्या गावाचं हाय त्यात."

"व्हय."

पोपटरावांनी तोटी गटाराकडे सोडली.

त्याच दिवशी जुना दुवा खोटीसकट परत बसला. नीलमसाठी त्याच्या शेजारी नवा प्रश्न जोडला: 'हे रिकामं आहे का?' ज्याला हवं त्याने विचारावं. त्यानंतर सुषमाने दुव्यात पुष्कळ भर घातली. जुन्यातलं काही बदललं नाही. तरी दूध घालायच्या वेळी तिचा चहा निवतो. केंद्रावरून फोन येत नाही. म्हणजे सगळं ठीक आहे, किंवा कुणाला अजून कळलेलं नाही. यातलं कुठलं, ते सांगणारी खूण तिला अद्याप सुचलेली नाही.